काळ्याशिवाय सावली: फोव्ह चित्रं बघायची कशी?

१९०५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये ‘सालों दोतोन’ हे वार्षिक प्रदर्शन भरलं. त्याच्या सातव्या दालनात आंरी मातीस, आंद्रे देराँ, मोरीस व्लामँक आणि त्यांच्या काही मित्रांची चित्रं एकत्र लागली होती. त्याच दालनात जुन्या इटालियन वळणाचं एक शांत शिल्पही होतं. ते पाहून समीक्षक लुई व्होसेल यांनी लिहिलं की, हा तर हिंस्र श्वापदांच्या तावडीत सापडलेला दोनातेल्लो (म्हणजे पंधराव्या शतकातला थोर इटालियन शिल्पकार). श्वापदांसाठी त्यांनी वापरलेला ‘फोव्ह’ हा फ्रेंच शब्द या चित्रकारांना कायमचा चिकटला. चळवळीचं नाव पडलं फोव्हिझम. मराठीत रंगभारवाद असाही शब्द आहे. चळवळ टिकली जेमतेम तीन-चार वर्षं. १९०८ पर्यंत जो तो आपापल्या वाटेला लागला होता.

ही चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला एक शंका हमखास येते. समुद्र गुलाबी, झाडाचं खोड लाल, बाईच्या नाकावर हिरवा पट्टा: मनाला येईल तो रंग लावला की काय? तसं नाही. या मंडळींनी फार विचारपूर्वक एक काम केलं. चित्रात ऊन दाखवण्याची जबाबदारी शतकानुशतकं काळोखाकडे होती. ती त्यांनी काढून रंगाकडे सोपवली. हे एक सूत्र घट्ट धरलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही. मोठा स्क्रीन, मोबाईल आणि थोडा निवांत वेळ एवढं पुरे.

पहिली पायरी: एकच चित्र निवडा, आणि त्यात राहा

सुरुवातीला पंचवीस चित्रं भराभर सरकवू नका. मातीसचं ‘उघडी खिडकी, कोलियूर’ (१९०५) उघडा. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि आकारानं लहानसं आहे: सुमारे ५५ × ४६ सेंटीमीटर. कोलियूर हे फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेजवळचं मासेमारीचं बंदर. तिथे पिरेनीज डोंगर थेट भूमध्य समुद्रात उतरतात. मातीस त्या मे महिन्यात सहकुटुंब तिथे गेला. तेव्हा तो पस्तिशीत होता, पैशांची ओढाताण होती. जुलैत पंचवीस वर्षांचा देराँ त्याच्याकडे येऊन पोचला. फोव्हिझमचा जन्म त्या उन्हाळ्यातला.

आता चित्र चार भागांत बघा. डावीकडची भिंत निळसर हिरवी, उजवीकडची झगझगीत गुलाबी-जांभळी. खोली एकच, तरी दोन भिंतींचे रंग एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे. मग खिडकीची तावदानं: तिथे काचेवर समोरच्या भिंतीचा रंग उमटलेला दिसतो. त्यानंतर कठड्यावरच्या कुंड्या आणि वेली, तुटक ठिपक्यांच्या. सगळ्यात शेवटी बंदरातल्या होड्या आणि गुलाबी पाणी. प्रत्येक भागात कुंचल्याची चाल वेगळी आहे. भिंतीवर रुंद, सलग हात, वेलीवर टिपके, पाण्यावर आडवे, एकमेकांपासून सुटलेले फटकारे. एका चित्रात इतक्या पद्धती नांदतात आणि तरी चित्र विस्कटत नाही, याचं मला दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

नीट बघितलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. या खोलीत कुठेही उन्हाचा कवडसा रंगवलेला नाही. जमिनीवर तिरपी तिरीप नाही, खिडकीच्या चौकटीची सावली नाही. तरी बाहेर भर उन्हाळ्याचं ऊन आहे याबद्दल तिळमात्र शंका येत नाही. ते ऊन आलं कुठून, हाच पुढच्या पायऱ्यांचा विषय.

दुसरी पायरी: चित्रातला रंग काढून टाका

चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाईलमध्ये तो कृष्णधवल करा. एवढी साधी कृती मोठमोठ्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवते.

रंगाचे दोन गुण इथे कामाचे आहेत. एक, तो कोणता रंग आहे: लाल, निळा, पिवळा. दुसरा, तो किती उजळ किंवा किती गडद आहे. चित्रकार याला टोन म्हणतात. वस्तूचा उठाव, जवळ-लांबचं अंतर हे डोळा मुख्यतः टोनवरून ओळखतो. फोव्ह चित्रकारांनी यातला पहिला गुण मोकळा सोडला आणि दुसऱ्याला बऱ्याच ठिकाणी सांभाळून घेतलं. मातीसचंच ‘टोपीवाली स्त्री’ (१९०५) कृष्णधवल करून बघा. रंगीत चित्रात चेहऱ्यावर हिरवा, पिवळा, जांभळा असा कल्लोळ आहे. रंग काढले की चेहऱ्याची घडण बरीचशी शाबूत उरते. रंग इतके बेलगाम असूनही आपल्याला माणूस चटकन ओळखता येतो, त्याचं हे कारण.

उलट उदाहरणही घ्या, म्हणजे फरक पक्का बसेल. क्लोद मोनेचं १८७२ चं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ कृष्णधवल केलं तर त्यातला नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो. कारण त्याचा टोन भोवतालच्या राखाडी आकाशाइतकाच आहे. तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो याचमुळे: रंग सांगतो की तिथे काहीतरी आहे, टोन सांगतो की नाही. शेजारशेजारच्या दोन रंगांचा टोन सारखा ठेवला की त्यांच्या सीमेवर ही थरथर निर्माण होते. उन्हात पाणी चमकतं तेव्हा डोळ्यांना असंच काहीसं होतं. कोलियूरच्या चित्रांत अशा जागा पुष्कळ सापडतील. रंगीत आणि कृष्णधवल प्रत शेजारी ठेवा आणि रंगीतमध्ये ठळक दिसणाऱ्या कोणत्या कडा कृष्णधवलमध्ये पुसट होतात ते शोधा.

तिसरी पायरी: सावलीवर बोट ठेवा

आता फक्त सावल्या शोधायच्या. इथे थोडं मागे जायला हवं. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर मेणबत्तीच्या उजेडातली चित्रं काढायचा. लूव्ह्रमध्ये त्याचं ‘सुतार संत जोसेफ’ आहे. लहानग्या येशूनं मेणबत्तीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड आरपार दिसतो, आणि चेहरा लखलखतो. तो लखलखतो कारण उरलेलं सगळं चित्र काळोखात बुडालेलं आहे. युरोपातल्या तैलचित्रांत छायाप्रकाशाचा हा हिशोब फार काळ चालला: जितका काळोख खोल, तितका उजेड प्रखर.

कोलियूरच्या भर दुपारी हा हिशोब कामाचा नव्हता. देराँनं त्या जुलैत व्लामँकला लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच सांगितलं: इथला प्रकाश फार प्रखर आहे, सावल्याही उजळ आहेत, आणि प्रकाशाची नवी कल्पना म्हणजे सावलीलाच नकार. सावलीतही आभाळाचा निळा असतो, शेजारच्या भिंतीवरून परतलेला रंग असतो. तिच्यात स्वतःचा उजेड असतो.

देराँचं ‘कोलियूरचे डोंगर’ (१९०५, हेही वॉशिंग्टनमध्ये) उघडा आणि झाडांची, डोंगराच्या घड्यांची सावलीची बाजू शोधा. तिथे मातकट तपकिरी किंवा करडा सापडत नाही. निळे, हिरवे असे पूर्ण ताकदीचे रंग सापडतात, आणि त्यांच्याशेजारी उन्हाच्या बाजूला नारिंगी, गुलाबी, पिवळे. म्हणजे उन्हाकडून सावलीकडे जाताना इथे आपण उष्ण रंगाकडून शीत रंगाकडे जातो. ला तूरकडे उजळाकडून काळ्याकडे जात होतो. सावली शोधण्याचा हा सराव दोन-तीन चित्रांवर केलात की डोळा बदलतो, आणि मग आपल्याच अंगणातली मे महिन्यातली सावलीसुद्धा निळी-जांभळी दिसायला लागते.

चौथी पायरी: भांडणाऱ्या जोड्या ओळखा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना रंगचक्र आठवत असेल. चक्रावर समोरासमोर येणारे ते विरोधी रंग: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. शाळेत हे पाठ केलं, पण त्यातली गंमत डोळ्यांनी बघायची राहून गेली. एखाद्या लाल चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि मग कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे बघा. तिथे हिरवट चौकोन तरंगतो. डोळा स्वतःच विरुद्ध रंगाची मागणी करतो. म्हणून लालशेजारी खरोखरच हिरवा ठेवला की दोन्ही भडकतात.

हे पद्धतशीर मांडलं मिशेल-युजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोबलँ इथल्या गालिचे-पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही रंग फिके पडतात अशी तक्रार यायची. त्याच्या लक्षात आलं की दोष रंगद्रव्याचा नाही, शेजारी विणलेल्या धाग्याचा आहे. १८३९ साली त्यानं यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे जॉर्ज सरा आणि पोल सिन्याक यांनी ठिपक्यांची चित्रपद्धती उभारली.

मातीस १९०४ च्या उन्हाळ्यात सँ-त्रोपेला सिन्याकच्या सहवासात राहिला आणि त्या अनुभवातून त्यानं ‘ऐश्वर्य, शांती आणि सुखविलास’ हे मोठं चित्र ठिपक्यांच्या पद्धतीनं रंगवलं. नाव बोदलेरच्या कवितेतलं; चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते नक्की बघा, कारण त्यात मातीसची अडचण उघड दिसते. विरोधी रंगांचे बारीक ठिपके लांबून बघितले की डोळ्यात मिसळतात आणि करडेपणाकडे झुकतात. भडका उडण्याऐवजी विझतो. पुढच्या वर्षी कोलियूरमध्ये त्यानं आणि देराँनं यावर उपाय शोधला: ठिपका मोठा करायचा. ठिपक्याचा पट्टा झाला, पट्ट्याचा सपाट तुकडा झाला. तुकडा मोठा असला की रंग डोळ्यात मिसळत नाहीत, समोरासमोर उभे राहतात आणि भांडतात. त्या भांडणातूनच ऊन निर्माण होतं.

सिन्याक, कोलियूर आणि पुढचं काम अशा क्रमानं तीन चित्रं लावून बघा आणि ठिपका कसा वाढत गेला एवढंच तपासा. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या असं मी आवर्जून सांगेन.

पाचवी पायरी: कोरा कॅनव्हास शोधा

चित्र भरपूर मोठं करा. फटकाऱ्यांच्या मधे पांढरट जागा दिसतील. तिथे रंग लावलेलाच नाही. कॅनव्हासवरचा फिकट थर तसाच सोडला आहे. लांबून बघताना या फटी जाणवत नाहीत, पण काम त्या करत असतात: प्रत्येक रंगाला शेजाऱ्यापासून किंचित सुटं ठेवतात, म्हणून रंग मळत नाहीत, आणि चित्राला हवा मिळते. त्या काळच्या अनेक प्रेक्षकांना ही चित्रं अर्धवट सोडलेली वाटली, त्यामागे या फटीही होत्या.

सहावी पायरी: मग चेहऱ्यांकडे वळा

निसर्गचित्रातले विचित्र रंग माणूस पटकन स्वीकारतो, चेहऱ्यावरचे नाही. म्हणून चेहरे मुद्दाम नंतर ठेवले आहेत. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात मातीसनं काढलेलं पत्नी आमेलीचं छोटं व्यक्तिचित्र आहे, ‘हिरवी रेघ’ या नावानं प्रसिद्ध (१९०५). कपाळापासून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा उतरतो. तो झाकून बघा: स्क्रीनवर कागदाची चिंधी धरली तरी चालेल. पट्टा झाकला की चेहरा सपाट होतो. उघडला की नाक पुढे येतं.

आता पट्ट्याच्या दोन बाजू बघा. एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबी. गुलाबी गालाच्या मागे हिरवी पार्श्वभूमी, पिवळसर बाजूच्या मागे वरती जांभळट आणि खाली लाल-नारिंगी. चौथ्या पायरीतल्या जोड्या इथे एका चेहऱ्याभोवती गुंफल्या आहेत. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यामध्ये जिथे एरवी हलकेच गडद होत जाणारी छटा दिली असती, तिथे मातीसनं एक रंग ठेवला आणि सगळं काम त्याच्याकडून करून घेतलं. मला हे त्या काळातलं सर्वांत धाडसी व्यक्तिचित्र वाटतं, ‘टोपीवाली स्त्री’पेक्षाही.

‘टोपीवाली स्त्री’वर १९०५ च्या प्रदर्शनात लोक हसले, चिडले. मॉडेल आमेलीच होती. ते चित्र अखेर पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन स्टाइन कुटुंबानं ५०० फ्रँकला घेतलं. आता ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात आहे. मातीसला त्या विक्रीनं आर्थिक आधार दिला आणि त्याहून जास्त धीर दिला.

जोडीला लंडनच्या टेट संग्रहालयातली दोन चित्रं बघा. कोलियूरमध्ये देराँनं मातीसचं आणि मातीसनं देराँचं व्यक्तिचित्र काढलं होतं. दोन्ही टेटकडे आहेत. दोन मित्र एकमेकांच्या तोंडावर ऊन कसं रंगवतात हे शेजारी ठेवून बघण्यासारखा आनंद नाही.

सातवी पायरी: एकच जागा, दोन चित्रकार

चित्रव्यापारी आंब्रुआझ व्होलारनं १९०६ मध्ये देराँला लंडनला पाठवलं. कारण व्यावहारिक होतं: मोनेच्या थेम्स नदीच्या चित्रांचं पॅरिसमधलं १९०४ चं प्रदर्शन गाजलं होतं, आणि व्होलारला तसंच काही नव्या हातून हवं होतं. मोनेनं चेअरिंग क्रॉस पूल धुक्यात विरघळवला होता. देराँनं त्याच पुलाला धुक्यातून बाहेर काढून ठळक रंगांच्या तुकड्यांत बांधलं. दोघांची या पुलाची चित्रं एकाखाली एक लावा. मोने विचारतो, हवेतून काय दिसतं. देराँला हवा नकोच आहे.

त्याच मालिकेतलं ‘पूल ऑफ लंडन’ टेटमध्ये आहे (हा ‘पूल’ इंग्रजी; थेम्सवरचा जहाजं लागण्याचा पट्टा). समोर जहाजाचे उष्ण लाल-नारिंगी रंग, मागे निळे-हिरवे. अंतर दाखवायला मागचं पुसट करावं लागलं नाही. उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, एवढ्यावर भागलं.

व्लामँकबद्दल थोडक्यात: तो पॅरिसजवळच्या शातू गावात राहणारा, व्हॅन गॉगनं झपाटलेला. १९०१ मध्ये बर्नेम-जन गॅलरीत भरलेलं व्हॅन गॉगचं प्रदर्शन त्याला हलवून गेलं. त्याची चित्रं जोशपूर्ण आहेत, रंगाचे थर जाड आहेत. पण प्रत्येक रंग त्याच एका पट्टीत ओरडतो आणि डोळ्याला विसावा मिळत नाही. नवख्यानं त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

आठवी पायरी: हातात रंग घ्या

बघण्यातून जे कळत नाही ते रंगवताना कळतं. साधे ऑइल पेस्टल किंवा पोस्टर कलर पुरेत. डबीतला काळा, तपकिरी आणि करडा बाजूला काढून ठेवा. घरातली एखादी उन्हाची खिडकी, गॅलरी किंवा कुंडी निवडा आणि उन्हाच्या वेळी तिच्यासमोर बसा.

पेन्सिलनं मोजक्या रेषा आखा, तपशील नकोत. आधी सावलीचे भाग भरा आणि प्रत्येक सावलीला एक शीत रंग द्या: निळा, हिरवा, जांभळा. मग तिच्या शेजारच्या उन्हाच्या भागाला त्या रंगाचा विरोधी रंग. दोन रंगांच्या मधे कागदाची बारीक फट सोडा. बोटानं घासू नका, मिसळू नका. आकाश निळंच भरायची सवय हाताला असते. त्याआधी थांबून खालच्या रंगाला कोणता शेजारी हवा आहे ते ठरवा.

झालं की फोटो काढून कृष्णधवल करा. कृष्णधवलमध्ये काहीच ओळखू येत नसेल तर सगळे रंग एकाच टोनचे झाले आहेत. उन्हाच्या भागात फिकट पिवळा किंवा गुलाबी वाढवा. उलट, सावल्या फार गडद दिसत असतील तर त्या जागी त्याच कुळातला उजळ रंग घ्या. दोन-तीन कागद असे केल्यावर पुन्हा कोलियूरची खिडकी उघडून बघा.

आणि काळ्यावरची ही बंदी फक्त सरावापुरती आहे. १९१४ मध्ये मातीसनं कोलियूरमध्येच पुन्हा एक उघडी खिडकी रंगवली आणि तिच्यामधला मोठा पट्टा जवळजवळ पूर्ण काळा ठेवला. त्या सुमारापासून काळा रंगही आपण अंधारासाठी नव्हे तर प्रकाशाचा रंग म्हणून वापरतो, असं तो सांगत असे.

मूळ चित्रं बघायची असतील तर

छापील पुस्तकात आणि स्क्रीनवर हे रंग हमखास बदलतात. विशेषतः गुलाबी आणि निळसर हिरवा. म्हणून संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रतच बघा, आणि मोबाईलमधला रात्रीचा पिवळट प्रकाश बंद ठेवा.

पॅरिसला जाणं झालं तर ओर्सेसोबत पॅरिस शहराचं आधुनिक कलासंग्रहालय चुकवू नका. तिथला कायमचा संग्रह विनामूल्य बघता येतो आणि त्यात फोव्ह चित्रं आहेत. पाँपिदू केंद्र मात्र २०२५ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे तिथली चित्रं इतरत्र कुठे लागली आहेत का हे आधी तपासा. देराँ आवडला असेल तर पॅरिसच्या आग्नेयेला असलेल्या त्र्वा गावातलं आधुनिक कलासंग्रहालय खास आहे. सँ-त्रोपेच्या आनोन्सियाद संग्रहालयात सिन्याक आणि फोव्ह एका छपराखाली भेटतात, म्हणजे चौथी पायरी तिथे भिंतीवरच मांडलेली आहे.

दक्षिण फ्रान्सच्या या उजेडाशी आपल्याकडच्या एका चित्रकाराचंही नातं जडलं. नागपूर आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि दीर्घकाळ फ्रान्समध्येच राहिले. दक्षिणेतल्या गोर्बिओ या डोंगरी गावात त्यांचं घर होतं. त्यांची १९५० च्या दशकातली फ्रेंच गावांची चित्रं या आठ पायऱ्यांनी बघून पाहा.

कोलियूर गावात ‘फोव्हिझमची वाट’ आहे: मातीस आणि देराँनी जिथली दृश्यं रंगवली तिथे त्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. पेर्पिन्याँहून रेल्वेनं जाता येतं. शक्यतो मे ते ऑगस्टमध्ये जा, कारण चित्रं त्याच महिन्यांतली आहेत, आणि निदान एक फेरी दुपारच्या उन्हात मारा. टोपी आणि पाणी सोबत ठेवा.